वाचनालयाचा ऑनलाइन वाचनकट्टा : वर्गणी वसूल झाली का?

व्यवहाराचं आधी सांगून टाकते, कारण मला विचारणाऱ्या प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच असतो. वर्षाची वर्गणी एका जाडजूड नव्या कादंबरीच्या किमतीपेक्षा कमी. शिवाय अनामत, ती सभासदत्व सोडताना परत मिळते. पैसे यूपीआयने घेतात, पावती मात्र हाताने लिहितात आणि तिचा फोटो पाठवतात. वाचनालय माझ्या माहेरच्या तालुक्याच्या गावचं, मी राहते बंगळुरात. भावजयीने जाहिरात पाठवली नसती तर असं काही चालू आहे याचा मला पत्ताही लागला नसता.

ऑनलाइन बुक क्लबबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. एक जण तासभर बोलणार, बाकीचे ‘नमस्कार, आवाज येतोय का माझा?’ म्हणणार आणि शेवटी आभारप्रदर्शन. पहिली बैठक अगदी तशीच झाली. पुस्तक होतं ‘बनगरवाडी’. लहान आहे, कुठेही मिळतं, म्हणून ठरवलेलं. झालं असं की सगळ्यांनी ते कधी ना कधी वाचलेलं होतं आणि सगळ्यांना आवडलेलंही होतं, त्यामुळे बोलायला काही उरलंच नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं अशी वंशावळ सांगितली (ती ते अजूनही सांगतात), दोघा-तिघांनी अमोल पालेकरांचा १९९५ चा चित्रपट आठवला, आणि म्यूट न केलेल्या कुणाच्या तरी घरात कुकर शिट्ट्या देत राहिला. लिंक बंद करून मी नवऱ्याला म्हटलं, हे पैसे पाण्यात.

नंतर ग्रंथपालबाईंनी एक बदल केला. मी आज हे सगळं लिहिते आहे ते त्या बदलामुळेच.

वाचनालय मीटिंगसाठी फुकटचं खातं वापरतं. चाळीस मिनिटं झाली की बैठक आपोआप तुटते आणि सगळ्यांना पुन्हा लिंक दाबून आत यावं लागतं. सुरुवातीला ऐन रंगात आलेलं बोलणं अर्ध्यावर तुटायचं, परत यायला दहा मिनिटं जायची, काही जण यायचेच नाहीत. पैसे भरून खातं घ्यायचं तर ते संचालक मंडळापुढे ठेवायला हवं, म्हणजे पुढच्या वर्षाची गोष्ट. बाईंनी त्या तुटण्याचाच वापर करून घेतला. पहिली चाळीस मिनिटं फक्त वाचन. ज्याला हवं त्याने पुस्तकातली आपल्या पसंतीची दीड-दोन पानं मोठ्याने वाचायची. हीच का निवडली ते सांगायचं नाही, लेखकाची ओळख करून द्यायची नाही, मत द्यायचं नाही. बैठक तुटली की पाणी पिऊन यायचं आणि मग काय भांडायचं ते भांडायचं.

एवढ्याशा नियमाने फरक पडला. आधी लोक पुस्तकाबद्दल बोलायचे, म्हणजे खरं तर पुस्तकाबद्दल इतरत्र वाचलेलं बोलायचे. आता ज्याने वाचलंच नाही तो पहिल्या चाळीस मिनिटांत उघडा पडतो, आणि ज्याने वाचलंय पण चारचौघांत बोलायची भीड वाटते तो निदान दोन पानं वाचून दाखवतो. पान कोणतं निवडलं यावरूनच बरंच कळतं.

‘रणांगण’च्या वेळी हे पहिल्यांदा जमलं. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ ची. युरोपातून निघालेली बोट, मुंबईला उतरणारा चक्रधर, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. चार जणांनी वाचलं, चारही जणांनी डेकवरची वेगवेगळी पानं निवडली. दुसऱ्या भागात जे पेटलं ते थेट साडेदहापर्यंत. चक्रधर भित्रा की शहाणा, यावर पुण्याचे एक गृहस्थ आणि नवी मुंबईची एक नर्स इतक्या तावातावाने भांडले की मुख्याध्यापकांना १८२८ पर्यंत पोहोचायला वेळच मिळाला नाही. शेवट मी इथे सांगत नाही. आमच्या ग्रुपवर एका उत्साही सभासदाने तो बैठकीच्या चार दिवस आधी लिहून टाकला होता. त्यानंतर ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ झाला. चांगलंच झालं, सुप्रभातच्या फुलांचे फोटोही थांबले.

पण ज्या बैठकीमुळे मी राहिले ती ‘धग’ची. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६० ची. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं बोलतात ती वऱ्हाडीत. मी कॉलेजात असताना ती अर्ध्यावर सोडली होती. संवाद डोळ्यांनी वाचताना अडखळायला व्हायचं, मग मी ते ओलांडून निवेदनावर जायची, आणि निवेदनात तर गोष्टीची हाडंच तेवढी आहेत. आमच्यात अमरावतीच्या एक काकू आहेत. कॅमेरा कधी लावत नाहीत, काळ्या चौकटीत फक्त नावाचं पहिलं अक्षर. त्या दिवशी बाईंनी त्यांना म्हटलं, “काकू, आज तुम्हीच वाचा.” काकू म्हणाल्या, “मले चष्मा आणू द्या आधी.” मग चष्मा सापडेना, नातवाने तो आणून दिला, ते सगळं आम्ही ऐकलं.

आणि त्यांनी कादंबरीच्या नायिकेचं, कौतिकचं बोलणं वाचायला सुरुवात केली. नवरा हातपाय हलवत नाही, घर ओढायचं ते या बाईने, आणि तिचं बोलणं मात्र कुठेही रडकं नाही. हे मला कागदावर कधी ऐकूच आलं नव्हतं. मी ज्या वाक्यांना गाऱ्हाणी समजत होते त्यांतली निम्मी टोमणे होते. एका ठिकाणी काकू वाचता वाचता स्वतःच हसल्या, “अशीच बोलत होती माही सासू,” म्हणाल्या आणि पुढे वाचत राहिल्या. चाळीस मिनिटं झाली, बैठक तुटली. परत आल्यावर कुणीच चर्चा सुरू केली नाही, ‘काकू, पुढचं वाचा’ एवढीच मागणी. बाईंनी नियम मोडला आणि दुसरा भागही वाचनातच गेला. नंतर मी ‘धग’ पहिल्या पानापासून पुन्हा घेतली, या वेळी ओठ हलवत, आणि संपवली.

प्रत्यक्ष वाचनालयात जाऊन हे झालं असतं का? माझ्या गावात अमरावतीच्या काकू भेटल्या नसत्या, एवढं नक्की. ऑनलाइनचा मला दिसलेला खरा फायदा हाच. घरबसल्या वगैरे ठीक आहे, पण वेगवेगळ्या मुलखांतले कान आणि जिभा एका ठिकाणी येतात, हे गावातल्या गावात होणं कठीण. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेतली तेव्हा नाशिकच्या एका मुलीने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या कडक सोवळ्याचे प्रसंग वाचले. मी ते याआधी ‘किती सोसलं बाई’ अशा चेहऱ्याने वाचले होते. ती वाचत होती आणि बाकीच्या चौकटी हसून हसून हलत होत्या.

आता रडगाणं.

सगळ्यात मोठी अडचण चर्चेची नाही, पुस्तक मिळण्याची आहे. वाचनालयाकडे एखाद्या जुन्या पुस्तकाच्या दोन प्रती असतात, त्यातली एक शिवणीतून सुटलेली. कट्ट्यावर नावं तिशीच्या आसपास. दुकानात विचारावं तर ‘आवृत्ती संपली, मागवून देतो’. किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, ऑडिओ ॲपवरही आहेत, पण आपल्याला हवं तेच नेमकं नसतं. मग कुणीतरी ग्रुपवर स्कॅन केलेली पीडीएफ टाकतं. ‘रणांगण’ची अशीच आली, बाईंनी ती पाच मिनिटांत काढून टाकली आणि खाली सरळ लिहिलं : लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, बेडेकर १९९८ साली गेले, हिशोब तुम्हीच करा. थोडी कुरकुर झाली. ‘विकत मिळत नाही तर करायचं काय’ हा प्रश्न काही चुकीचा नाही, पण पीडीएफ टाकणाऱ्यांतल्या कितींनी आधी विकत शोधलं होतं, याची मला शंका आहे. ‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट वेगळी. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, त्यामुळे ते पुस्तक कुणीही मोकळेपणाने वाटू शकतो. तरी ते एका महिन्यात कुणाचंही झालं नाही. जाड पुस्तक आणि महिन्याची मुदत यांचं जमत नाही. कट्टा सुरू करणाऱ्यांनी हे आधीच ठरवावं.

प्रतींवर काढलेला तोडगा मला आवडला : फिरती प्रत. दोन प्रतींपैकी एक गावात राहते, दुसरी पोस्टाने बाहेरगावच्या सभासदांत फिरते. ज्याचं वाचून झालं त्याने यादीतल्या पुढच्याला पाठवायची. १ मे २०२५ पासून पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून सावकाश पोहोचतं, पण पाकीट कुठवर आलं ते मोबाइलवर दिसतं. माझ्याकडे ‘धग’ आली ती सोलापूरहून, वर्तमानपत्राच्या कागदात आणि वरून खाकी कागदात बांधलेली. आत मागच्या पुठ्ठ्याला देवघेवीची आखीव चिठ्ठी, तिच्यावर १९९० च्या दशकातल्या तारखांचे निळे शिक्के आणि त्याखाली आमच्या या फेरीतली नावं बॉलपेनने. पानांवर खुणा करायच्या नाहीत असा नियम आहे. कुणीतरी तरीही पेन्सिलीने समासात ‘बरोबर!’ लिहिलं होतं. चिडण्याऐवजी मी ते वाक्य दोनदा वाचलं.

फिरत्या प्रतीचा तोटा असा की यादीतल्या शेवटच्याकडे पुस्तक बैठकीनंतर पोहोचतं. एकदा मी शेवटची होते. पुस्तक न वाचता बैठकीला बसले, आणि बैठक संपल्यावर पुस्तक आलं तेव्हा शेवट माहीत होता. यावर अजून कुणाला उपाय सुचलेला नाही.

दिवाळीचा महिना फसला. त्या काळात वाचनालयाचा सगळा जीव दिवाळी अंक योजनेत असतो, अंकांसाठी नंबर लागतात. तेव्हा ठरलं की अंकातलीच एकेक कथा घेऊ. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, परंपरा मोठी वगैरे प्रस्तावना झाली, आणि मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या हातात वेगळा अंक आहे. प्रत्येकाने आपापली कथा सांगितली, ती बाकी कुणीही वाचली नव्हती. अशा वेळी सरळ सुट्टी द्यावी.

आणखी एक खटकतं. पुरुष सभासद संख्येने कमी आणि बोलतात जास्त. बायका म्यूटवर असतात, कारण नऊची वेळ म्हणजे ओट्याशी असण्याची वेळ. साडेनऊ करा असं तीनदा सुचवलं गेलं. दरवेळी ‘ज्येष्ठांना उशीर होतो’ या कारणावर ते अडलं. वाचनाच्या भागात हे आपोआप थोडं सांधलं जातं, कारण तिथे क्रम बाई ठरवतात. चर्चेत मात्र ज्याचा आवाज मोठा त्याची पाळी.

तरुण फार नाहीत. एक मुलगा आहे, स्पर्धा परीक्षेचा. वाचनालयात आज खरी गर्दी अभ्यासिकेत असते. पुस्तकांच्या कपाटांशी कमी आणि एमपीएससीच्या टेबलांशी जास्त माणसं, हे गावोगावचं चित्र. हा मुलगा त्या अभ्यासिकेतूनच इअरफोन लावून आत येतो आणि वर्षभरात एकदाच बोलला. ‘धग’च्या बैठकीत शेवटी त्याने विचारलं, “कौतिकला कुणी पैसे का नाही दिले, एवढी माणसं होती आजूबाजूला?” कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापक काहीतरी सामाजिक परिस्थितीवर बोलले. काकू म्हणाल्या, “कारन तिनं मागतले नाहीत.” यावरही वाद होऊ शकला असता, पण दहा वाजून गेले होते.

कुणी यात यावं? ज्यांना नवीकोरी, गाजणारी पुस्तकं हवीत त्यांनी येऊ नये. आमच्याकडे निवड ग्रंथालयाच्या कपाटातून होते, आणि कपाट साधारण विसेक वर्षं मागे आहे. ज्यांना लेखकाशी गप्पा, स्वाक्षरी, सेल्फी हवी त्यांनीही नको. ज्यांना मोठ्याने वाचायला किंवा दुसऱ्याचं ऐकायला आवडतं त्यांनी जरूर यावं, आणि पहिल्या एका बैठकीवरून ठरवू नये. कॅमेरा सक्तीचा नाही. लिंक शनिवारी दुपारी येते. कुकर आधी उतरवून ठेवावा.

वर्गणी मी पुढच्या वर्षासाठी भरली. सोबत एक अर्जही दिला, काकूंचं वाचन रेकॉर्ड करून ठेवावं म्हणून. बाईंचं म्हणणं, घरच्या घरी वाचणं वेगळं आणि रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकणं वेगळं. शेळके १९९२ साली गेले, म्हणजे वारसांची परवानगी हवी. ती मागायचं पत्र कार्यवाहांच्या सहीने जायला हवं, आणि कार्यवाह वार्षिक सभेच्या तयारीत आहेत. पत्राचा मसुदा मी लिहून पाठवलाय.