एमकेव्हीटूलनिक्स वापरून बघितलं: ताईच्या लग्नाचं शूटिंग शेवटी टीव्हीवर लागलं

कोणाकडे जुन्या हँडीकॅमचं शूटिंग हार्डडिस्कवर पडून असेल आणि टीव्हीवर नीट लागत नसेल तर हे वाचाच, कारण मी यात तीन आठवडे घातलेत आणि शेवटी कामाला आलं ते एमकेव्हीटूलनिक्स हे सॉफ्टवेअर चक्क फुकट आहे, ना जाहिराती ना व्हिडिओवर कुणाचा शिक्का.

झालं असं की ताईचं लग्न 2012 चं, सांगलीतलं. फोटोग्राफर होता पण आमच्या घरात जीव अडकलाय तो काकांनी स्वतः केलेल्या शूटिंगमध्ये. काकांनी तेव्हाच अख्खं कार्ड हार्डडिस्कवर कॉपी करून ठेवलेलं, एव्हीसीएचडी नावाचं फोल्डर, त्याच्या आत अजून दोन फोल्डर आणि शेवटी 00000, 00001 असे नंबर असलेल्या एमटीएस फायली. मागच्या वर्षी आईने आग्रह धरला म्हणून एका दुकानात ते कन्व्हर्ट करायला दिलं. तीन हजार रुपये घेतले आणि एमपी4 करून दिलं. फाईल एवढीशी झाली, चेहरे मेणाचे दिसायला लागले, आणि दर पंधरा-सोळा मिनिटांनी चित्र क्षणभर अडकून आवाज तुटायचा. त्यातली एक तूट नेमकी मंगलाष्टकांत. आजीने ताईसाठी स्वतः रचलेली मंगलाष्टका म्हटली होती, तिच्या दुसऱ्या कडव्यात ताईचं नाव येतं आणि तिथेच आवाज गायब. आजी 2017 ला गेली, तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. आईने ते एकदा बघितलं आणि टीव्ही बंद केला.

मग मीच बसलो. पहिल्यांदा हे कळलं की कन्व्हर्ट करायची गरजच नव्हती. आतलं चित्र एच.264 या प्रकारात साठवलेलं आहे, आवाज एसी3 या प्रकारात, दोन्ही आमच्या टीव्हीला व्यवस्थित चालतात, फक्त ज्या डब्यात (म्हणजे एमटीएस फाईलमध्ये) ते भरलंय तो डबा टीव्हीला आवडत नाही. डबा बदलायचा, आतल्या भाजीला हात लावायचा नाही, याला रिमक्स म्हणतात. परत एन्कोड केलं, म्हणजे चित्र-आवाज नव्याने दाबून साठवलं, की भाजी परत शिजवल्यासारखं होतं, चव जाणारच. एमकेव्हीटूलनिक्स फक्त डबा बदलतं, म्हणून माझ्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवरही साडेसहा जीबीचं काम चार मिनिटांत झालं आणि क्वालिटी जशीच्या तशी. (हा नवा डबा म्हणजे एमकेव्ही, अर्थात मात्रोष्का, 2002 सालचा फॉरमॅट, एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून नाव ठेवलंय.)

आता मुख्य गोष्ट, जी मला दुसऱ्या आठवड्यात कळली. ते आवाज तुटणं कॅमेऱ्याचं नव्हतंच. काकांच्या कॅमेऱ्यात फाईल 2 जीबीची झाली की कॅमेरा आपोआप पुढची फाईल उघडतो, आणि 17 एमबीपीएसने (सेकंदाला 17 मेगाबिट) शूट केलं तर 2 जीबी साधारण सोळा मिनिटांत भरतात. फाईल तुटते ती एखाद्या फ्रेमच्या, एखाद्या शब्दाच्या अगदी मध्यात, अर्धा तुकडा पहिल्या फाईलच्या शेवटी आणि उरलेला अर्धा पुढच्या फाईलच्या सुरुवातीला. प्रत्येक फाईल वेगळी उघडून जोडली तर दोन्ही अर्धे तुकडे टाकून दिले जातात, तिथेच आजीचा शब्द जात होता.

एमकेव्हीटूलनिक्समध्ये दुसरी फाईल ओढून टाकली की ते विचारतं काय करू. अॅड म्हटलं तर दोन्ही व्हिडिओ एकाच फाईलमध्ये शेजारी-शेजारी ट्रॅक म्हणून बसतात, ते नकोय. अपेंड म्हटलं तर एकामागे एक जोडतं पण प्रत्येक फाईल वेगळी धरून, मी आधी तेच केलं आणि तूट तशीच राहिली. तिसरा पर्याय आहे अॅडिशनल पार्ट्स, त्यात सगळ्या फायली एकच सलग मोठी फाईल असल्यासारख्या वाचल्या जातात. तो घेतला, स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग दाबलं, हेडफोन लावून त्याच जागी गेलो आणि ताईचं नाव अख्खं ऐकू आलं. मी ते पाच-सहा वेळा ऐकलं आणि मग आईला हाक मारली. फक्त एक लक्षात ठेवा, कॅमेऱ्याने आपोआप तोडलेल्या फायलींनाच हे करायचं, मध्ये शूटिंग थांबवून परत चालू केलं असेल तर तिथे अपेंडच बरोबर.

यानंतरही पेनड्राइव्हवर फाईल जाईना, कारण तो फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्यावर 4 जीबीच्या वरची फाईल बसतच नाही. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला, चालला. लॅपटॉपवर बघताना शालूच्या पदरावर फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, शूटिंग इंटरलेस्ड आहे (म्हणजे चित्राच्या ओळी एक आड एक अशा दोन खेपांत टिपलेल्या), व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू केलं की जातात, टीव्ही ते आपलं आपण करतो. आणि व्हीएलसीवर चाललं म्हणजे टीव्हीवर चालेल असं धरू नका, व्हीएलसी जवळजवळ काहीही चालवतं. फाईलच्या आत नक्की काय आहे ते मीडियाइन्फो नावाच्या छोट्या टूलमध्ये आधी बघा, माझे पहिले चार दिवस ते न बघितल्यामुळे गेले.

हे सॉफ्टवेअर काय करत नाही तेही सांगतो. मामाने दिलेल्या एका फाईलचा आवाज डीटीएस या वेगळ्या प्रकारचा होता, टीव्ही चित्र दाखवायचा आणि आवाज सपोर्ट नाही म्हणायचा. तिथे डबा बदलून उपयोग शून्य, आवाज खरोखर बदलावा लागतो, तो मी एफएफएमपेग नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलला, चित्र कॉपी आणि आवाज एसी3 640 केबीपीएसला. एमपी4 पण यातून निघत नाही, फक्त एमकेव्ही आणि वेबएम. आयफोनवाल्यांनी त्यावर व्हीएलसी टाकावं, ताई तसंच बघते. डीव्हीडीतली सबटायटल्स घातली आणि टीव्हीवर दिसली नाहीत तर त्या ट्रॅकचं कॉम्प्रेशन बंद करून परत मक्स करा (म्हणजे एमकेव्ही फाईल नव्याने बनवा), काही टीव्हींना ती कॉम्प्रेस केलेली वाचता येत नाहीत. पहिल्यांदा उघडल्यावर स्क्रीन बघून धडकी भरते, एवढे पर्याय आहेत, त्यातले नव्वद टक्के मी अजून उघडलेले नाहीत. आणि अॅड, अपेंड, पार्ट्स यांतला फरक तिथेच दोन ओळींत समजावला असता तर माझा एक आठवडा वाचला असता, म्हणून अर्धा स्टार कापतोय. पाचपैकी साडेचार. डाऊनलोड अधिकृत साईटवरूनच करा, आणि मूळ एमटीएस फायली काम झालं तरी डिलीट करू नका.

यात चॅप्टर एडिटर पण आहे, म्हणजे व्हिडिओत हव्या त्या जागी नावाची खूण टाकायची सोय. मंगलाष्टकांच्या जागी मी 'आजी' नावाचा चॅप्टर टाकलाय, आमचा टीव्ही चॅप्टर दाखवत नाही पण लॅपटॉपवर दिसतो, त्यामुळे आई आता लॅपटॉपच मागते.