वाङ्मयीन संज्ञांसाठी अँकी: ॲप उत्तम, पण कार्डं नीट बनवली तरच

अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप काही नवं नाही. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ मध्ये आणलं आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये ते चांगलंच रुजलंय. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ते तितकंच उपयोगी आहे. बी.ए., एम.ए. किंवा नेट-सेटसाठी अलंकार, वृत्तं, रस, शब्दशक्ती मिळून शंभर-दीडशे संज्ञा लागतात, आणि त्या वाचताना कळतात पण प्रश्नपत्रिकेत एकमेकींत मिसळतात.

ॲपचं काम सोपं आहे. कार्डाची एक बाजू दिसते, उत्तर आठवायचं, पाहायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यांपैकी एक बटण दाबायचं. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी येणार हे ठरतं. इथली सर्रास होणारी चूक म्हणजे उत्तर आठवलंच नाही तरी ‘हार्ड’ दाबणं. ॲपच्या हिशेबी हार्ड म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. विसरलात तर अगेनच दाबा, नाहीतर न येणारी कार्डं लांबच्या तारखांना जाऊन बसतात.

खरी मेख मात्र कार्डात आहे. बहुतेक जण पुढे ‘उत्प्रेक्षा’ आणि मागे पुस्तकातली तीन ओळींची व्याख्या लिहितात. अशा कार्डावर ‘हो, साधारण हेच’ म्हणून स्वतःला पास करणं फार सोपं असतं. शिवाय परीक्षेत येते ती ओळ, आणि अलंकार आपण ओळखायचा असतो. म्हणून कार्डही त्याच दिशेने हवं: पुढे उदाहरण, मागे संज्ञा आणि ती ओळखण्याची एकच खूण.

उदाहरणं शक्यतो एकाच साच्यातली घ्यावीत. चेहरा आणि चंद्र ही जुनीच जोडी बघा. ‘चेहरा चंद्रासारखा’ ही उपमा, ‘चेहरा जणू चंद्रच’ ही उत्प्रेक्षा, ‘मुखचंद्र’ हे रूपक, ‘हा चेहरा नव्हे, चंद्रच’ ही अपन्हुती. ‘चंद्राहूनही सुंदर’ म्हटलं की व्यतिरेक, ‘हा चेहरा की चंद्र?’ म्हटलं की ससंदेह, चेहऱ्याला चंद्र समजून चकोर झेपावला तर भ्रान्तिमान, आणि ‘तिच्या चेहऱ्यासारखा तिचाच चेहरा’ हा अनन्वय. अनन्वय सोडला तर उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) तेच राहतात, बदलतो तो फक्त त्यांचा संबंध, त्यामुळे लक्ष नेमकं फरकावर जातं. पण ही आठही कार्डं एका दिवशी सुरू करू नका. उपमा आणि रूपक पक्कं झालं की उत्प्रेक्षा, मग बाकीची. आणि प्रत्येकाचं दुसरं उदाहरण वेगळ्या विषयाचं ठेवा, नाहीतर चंद्र दिसल्यावरच अलंकार आठवेल.

वृत्तांसाठी ‘क्लोझ’ म्हणजे गाळलेल्या जागांची सोय वापरावी. ‘मंदाक्रान्ता: म भ न त त ग ग, १७ अक्षरं, यती ४, मग ६, मग ७ अक्षरांवर’ एवढं लिहून गण (तीन-तीन अक्षरांचे गट) आणि यती (थांबण्याच्या जागा) वेगवेगळे झाकले की दोन कार्डं तयार होतात. ‘१७ अक्षरी वृत्त कोणतं?’ असं कार्ड मात्र बनवू नका. शिखरिणी आणि पृथ्वीही सतराच अक्षरांच्या आहेत, त्यामुळे बरोबर उत्तर देऊनही तुम्ही चुकाल. मोबाइलवर कार्डाला ध्वनिमुद्रण जोडता येतं, ते अवश्य करावं. भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण हे पाठ करण्याआधी मनाच्या श्लोकांची चाल कानात बसली पाहिजे.

रस आणि त्याच्या मुळाशी असलेला स्थायीभाव यांच्या जोड्या सरळ आहेत, दोन्ही दिशांनी चालतात. फक्त शांताचा स्थायीभाव कुठे शम दिलेला असतो, कुठे निर्वेद. कार्डावर दोन्ही लिहावेत. एकच नाव दोन अर्थांनी येतं तिथे पुढच्या बाजूलाच संदर्भ हवा: ‘वक्रोक्ती (अलंकार)’ आणि ‘वक्रोक्ती (कुंतक)’, म्हणजे कुंतकाचा काव्यसिद्धान्त, ही दोन स्वतंत्र कार्डं आहेत.

तयार डेक (कार्डांचे गठ्ठे) इंग्रजी संज्ञांचे भरपूर मिळतात, मराठीसाठी स्वतः खपावं लागतं. मजकुराला मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ फुकट आहे, पण तिथल्या दीर्घ नोंदी जशाच्या तशा कार्डावर चिकटवण्यात अर्थ नाही.

सेटिंगमध्ये रोज २० नवी कार्डं आधीच ठरवलेली असतात. ती १० वर आणा, कारण नव्यांपेक्षा उजळणीचा ढीग झपाट्याने वाढतो. एकाच मजकुरातून बनलेली (गण आणि यतीसारखी) दोन कार्डं लागोपाठ येऊ नयेत म्हणून ‘बरी सिब्लिंग्ज’ चालू करा. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर ‘लीच’ अशी खूण येते. ते आणखी घोकू नका, मोडून नव्याने लिहा. बहुतेकदा त्यात दोन प्रश्न कोंबलेले असतात.

देवनागरीत दोन अडचणी येतात. एक्सेलमधून यादी आणताना साधी ‘सीएसव्ही’ निवडली तर सगळी प्रश्नचिन्हं होतात, ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावी. आणि उत्तर टाइप करण्याची सोय अक्षरन् अक्षर ताडते: कार्डावर ‘अतिशयोक्ति’ असेल आणि तुम्ही ‘अतिशयोक्ती’ लिहिलंत तर चूक दाखवते. शोधतानाही तेच. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दीर्घान्तच लिहायचं ठरवून टाका.

रस कसा निर्माण होतो याबद्दल कोणत्या आचार्याचं मत कोणतं, म्हणजे लोल्लट-उत्पत्ती, शंकुक-अनुमिती, भट्टनायक-भुक्ती, अभिनवगुप्त-अभिव्यक्ती, हे अँकी पक्कं करून देईल. अभिनवगुप्ताने भट्टनायकाचं साधारणीकरण (भाव एकट्याचा न राहता सगळ्यांचा होणं) का स्वीकारलं आणि भोजकत्व (रसाचा आस्वाद घडवणारी शब्दाची वेगळी शक्ती) का नाकारलं, हे कार्डावर मावत नाही. ते लिहूनच काढावं लागतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ॲप फुकट आहे. आयफोनवर एकदाच, पण बऱ्यापैकी पैसे मोजावे लागतात. ते टाळायचे असतील तर ब्राउझरमधून अँकीवेब वापरा, उजळणीपुरतं ते पुरतं.