ट्रॉमा की जनरल वॉर्ड?

नर्सिंगची, म्हणजे जीएनएम डिप्लोमाची तीन किंवा बीएस्सीची चार वर्षं संपली, नर्स म्हणून नोंदणी झाली, की काम कुठे करायचं हा प्रश्न येतोच.

ट्रॉमा म्हणजे अपघातात जबर जखमी झालेल्यांचा विभाग; मुंबईत तिथे येतात लोकलमधून पडलेले, हायवेवर बाइक घसरलेले, बांधकामावरून कोसळलेले. सायन हॉस्पिटलला असे पेशंट रात्री-अपरात्रीही येतात. भळाभळा वाहणारं रक्त आधी दाबून धरायचं, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, याच क्रमाने बघायचं. कात्रीने कपडे कापायचे, करड्या रंगाचा १६ नंबरचा कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची नळी, लावायचा, पेशंट किती शुद्धीवर आहे ते ३ ते १५ च्या मापात मोजायचं. नंतर पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा आयसीयूत जातो आणि तो पुढे चालू लागला का, हे बहुतेकदा कळतही नाही. मला तेच सगळ्यात जड जातं. रक्ताची सवय होते, बाहेर बसलेल्या आईच्या रडण्याची नाही.

वॉर्डात धावपळ कमी नसते, पण माणूस बरा होताना दिसतो. डिस्चार्जच्या दिवशी एखादी आजी तोंडावरून हात फिरवून जाते.

माझं मत विचाराल तर आधी वर्षभर वॉर्ड करा. औषधांचे डोस, सलाईनचा वेग, नोंदी हातात बसू द्या. तरीही मन कॅज्युअल्टीकडेच, म्हणजे अपघात विभागाकडेच धावत असेल, तर बिनधास्त ट्रॉमा मागून घ्या.