वारसांकडून मालमत्ता घेताना: तीन वाटा आणि त्यांची खरी किंमत

वारसाहक्काने आलेलं घर किंवा जमीन बाजारभावाहून स्वस्तात मिळू शकते, यात काही खोटं नाही. मात्र किती स्वस्त यापेक्षा का स्वस्त, हे आधी विचारावं. कागद अपुरे आहेत, सोसायटीची थकबाकी आहे, छत गळतंय, आणि ही सगळी कटकट खरेदीदार अंगावर घेणार म्हणून भाव उतरला, तर ती सवलत त्याने कष्टाने मिळवलेली असते. पण विकणाऱ्याला भावच ठाऊक नाही, किंवा सासरी असलेल्या बहिणीला विक्रीची खबरच नाही म्हणून भाव उतरला असेल, तर ती दुसऱ्याच्या वाट्यातून कापलेली असते. दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. पहिल्या सवलतीचा हिशोब सगळ्या वारसांसमोर मांडता येतो, दुसरीचा मांडता येत नाही.

महाराष्ट्रात अशी मालमत्ता शोधण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत: मृत्यूची खबर काढून थेट घरच्यांना गाठणं, वारसांपैकी एकाचाच हिस्सा उचलणं, आणि वारसांनी कागद पुरे करून विक्रीला काढलेली मालमत्ता घेणं. पुढचे वारसाहक्काच्या कायद्याचे दाखले मुख्यतः हिंदू कुटुंबांना लागू आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत वारस आणि त्यांचे हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात.

खबर काढून थेट दारात

या वाटेवर स्पर्धा कमी आणि सवलत भरपूर. खबर मिळण्याच्या जागाही उघड आहेत: वर्तमानपत्रातली वकिलाची जाहीर नोटीस, सोसायटीच्या फलकावरची हक्क-हरकती मागवणारी नोटीस, ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या संकेतस्थळावरची वारस फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या दप्तरी वारसांची नावं लावण्याची, नोटीस. ती वाचण्यात गैर काही नाही. हॉस्पिटलातल्या किंवा सोसायटीच्या ऑफिसातल्या माणसाला पाकीट देऊन नावं मिळवणं वेगळं, आणि सरकारी कर्मचाऱ्याला दिलं तर ती सरळ लाच.

खरी अडचण वेळेची. तेरावं व्हायच्या आत फोन करणारे एजंट आहेत आणि त्यांना ‘लवकर गाठलं’ याचं कौतुक वाटतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १६ त्यांनी वाचलेलं नसतं. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक क्लेशामुळे ज्याची विचारशक्ती तात्पुरती का होईना बाधित झाली आहे, अशा माणसाशी करार करणारा वर्चस्वाच्या स्थितीत असतो, असं ते कलम मानतं. त्या स्थितीचा गैरफायदा घेतल्याचं ठरलं तर करार रद्द करून मागता येतो. किंमत कमी आहे एवढ्यावरून करार रद्द होत नाही हे खरं, पण संमती मोकळ्या मनाने दिली होती का, हे ठरवताना न्यायालय किमतीचा अपुरेपणा विचारात घेऊ शकतं, असं त्याच कायद्याच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात आहे. म्हणजे शोकात असलेलं घर आणि पडेल भाव या दोन गोष्टी एकत्र आल्या, की खरेदीदाराने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करून ठेवलेला असतो.

तरीही ही वाट सरसकट वाईट नाही. गावाकडचं बंद घर कुणाला विकावं हेच न कळणारी कुटुंबं पुष्कळ असतात आणि त्यांना गरजू खरेदीदार दारात आला तर हवाच असतो. फक्त रीत बदलावी लागते. फोनऐवजी पत्र, आणि तेही दोन-तीन महिने जाऊ देऊन. पत्रात तुम्ही कोण, स्वतः राहायला घेणार की पुढे विकणार, हे सरळ लिहावं. उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र नाही. बोलणं सुरू झालं तर रेडी रेकनरचा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला) दर आणि त्याच परिसरातल्या दोन-तीन अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांच्या सूची क्रमांक २ च्या, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा देणाऱ्या सरकारी उताऱ्याच्या, प्रती पहिल्याच बैठकीत समोर ठेवाव्यात. सूची २ नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर कुणालाही पाहता येते, त्यामुळे भाव लपवून काही साधतही नाही. वारसांनी आपला वकील आपण निवडावा, हवं तर त्याची फी तुम्ही द्या, पण तुमचा वकील त्यांच्या गळ्यात मारू नका.

साठेखत (पुढे खरेदीखत करण्याचा करार) स्वतःच्या नावे करून तेच पुढे दुसऱ्याला देण्याचा आणि मधला फरक खिशात घालण्याचा प्रकार याच वाटेवर जास्त चालतो. वारसांना हे आधी माहीत असेल आणि करारात तशी अट असेल, तर तो व्यवसाय आहे. माहीत नसेल तर ते तुम्हालाच खरेदीदार समजून भावात सूट देत असतात आणि ती सूट तुम्ही तिसऱ्याला विकता.

एकाच वारसाचा हिस्सा

तीनांपैकी सर्वांत स्वस्त दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी वाट ही. चार भावंडांपैकी एकाला पैशाची निकड असते, बाकीचे दाद देत नाहीत. तो आपला पाव हिस्सा विकायला तयार होतो. विकण्याचा हक्क त्याला बहुधा असतोही, पण तुम्हाला मिळतं काय, ते पाहा.

राहत्या घरात बाहेरच्याने हिस्सा घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे त्याला कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही. वाटणीचा दावाच लावावा लागतो. दावा लावला की वाटप कायदा, १८९३ चं कलम ४ पुढे येतं: घरातला वारस न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तुमचा हिस्सा विकत घेण्याची तयारी दाखवू शकतो आणि तुम्हाला तो द्यावा लागतो. त्याही आधी हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २२ आहे. वर्ग १ च्या, म्हणजे मुलं, पत्नी, आई अशा पहिल्या हक्काच्या वारसांकडे एकत्र आलेल्या स्थावर मालमत्तेतला हिस्सा कुणी विकायला काढला, तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं.

शेतजमिनीत आणखी एक सापळा. न वाटलेल्या गटातला एक भाऊ ‘पूर्वेकडचा रस्त्यालगतचा दोन एकर’ असं लिहून, चतुःसीमा टाकून खरेदीखत करून देतो. त्याच्याकडे अविभक्त हिस्सा आहे, ठरावीक तुकडा नाही. पुढे वाटणीत तो रस्त्यालगतचा तुकडा दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ शकतो आणि तुमच्या हाती ओढ्याकाठचा पडीक भाग येतो. खरेदीदार स्वतः शेतकरी नसेल तर शेतजमिनीच्या व्यवहारांवर बंधनं घालणाऱ्या कूळ कायद्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय मुळात जमीनच घेता येत नाही.

नीतीच्या बाजूने सगळा प्रश्न हेतूचा आहे. पाव हिस्सा घ्यायचा, मग उरलेल्या तिघांना दाव्यांनी जेरीस आणून पूर्ण घर पडेल भावात घ्यायचं, हा हेतू असेल तर त्याला गुंतवणूक म्हणू नये. पण खरंच अडकून पडलेल्या वारसाला मोकळं करायचं असेल, तर बाकीच्या प्रत्येकाला स्पीड पोस्टाने लेखी विचारा: ‘अमुक हिस्सा अमुक किमतीला घेण्याचं ठरत आहे, आपण याच किमतीला घेऊ इच्छिता का?’ तीस दिवस द्या. कुणी घेतला तर बाजूला व्हा. कुणी नाही घेतला, तर त्यांना खरेदीखतात ‘मान्यता देणार’, म्हणजे विक्रीला आपली हरकत नाही असं कबूल करणारे, म्हणून सही करायला सांगा. ते सही करायलाही तयार नसतील, तर हा सौदा करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कागद पुरे करून विक्रीला काढलेली

इथे सवलत जवळपास नसते. ज्याला घर राहायला हवं आहे त्याने हीच वाट धरावी. पण ‘कागद पुरे आहेत’ हे एजंटचं म्हणणं आणि ते खरंच पुरे असणं, यांत बरंच अंतर असतं.

सर्वांत आधी वंशावळ, आणि तीही फक्त प्रतिज्ञापत्रावरची नव्हे. रेशन कार्ड, जुने फेरफार आणि मृत्यूचे दाखले यांच्याशी ताडून पाहा. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगे, मुली, पत्नी आणि मयताची आई हे सगळे समान वारस. आजी जिवंत असताना तिचं नाव यादीत नसणं ही नेहमीची चूक आहे. मालमत्ता आईच्या नावे असेल तर मुलांबरोबर तिचा नवराही वारस असतो. वडिलोपार्जित मालमत्तेत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलासारखा हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असणं आवश्यक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या नोंदणीकृत किंवा न्यायालयीन वाटण्यांना मात्र त्याने धक्का लागत नाही.

‘बहिणींनी हक्क सोडलाय’ हे तोंडी वाक्य कवडीमोलाचं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेबद्दल ‘मला काही नको’ असं मुलीने लिहून दिलं असेल, तर तेही उपयोगाचं नाही, कारण वारसाची नुसती अपेक्षा कायद्याने हस्तांतरित होत नाही. हक्कसोडपत्राची तारीखही बघा. विक्रीच्या आदल्या आठवड्यात बहिणींनी सह्या केल्या असतील, तर घर किती रुपयांना चाललंय हे त्यांना माहीत होतं का, असं थेट त्यांनाच विचारावं. एका फोनचं काम आहे. भाऊ तो फोन करू देत नसेल, तर उत्तर मिळालंच.

फ्लॅटमध्ये नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने नॉमिनीच्या नावाने भाग दाखला करून दिला, तरी विक्रीखतावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. फेरफार नोंदीचंही तसंच: ती महसुलासाठी असते, मालकी सिद्ध करत नाही. मयताने कुणाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र त्याच्या मृत्यूबरोबर संपतं, त्यावर झालेली विक्री कागदाच्या किमतीचीही नसते. आणि वारसांत अठरा वर्षांखालचं मूल असेल, तर आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याचा हिस्सा विकता येत नाही. परवानगी नसेल तर ते मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत ती विक्री रद्द करून मागू शकतं. घराची शांतता सर्वांत जास्त काळ टांगती ठेवणारा दोष हाच.

जाहीर नोटीस दिली म्हणजे सुटलो, असंही नाही. पुण्यातल्या पेपरात चौदा दिवसांची नोटीस आली आणि वारस बहीण नांदेडला, तर तिचा हक्क त्या नोटिशीने जात नाही.

पैशाची तुलना

स्वस्त घेण्याचा फायदा कर खाऊन टाकतो, हे अनेकांना खरेदीनंतर कळतं. समजा रेडी रेकनरप्रमाणे मूल्य ८० लाख आणि वारसांनी ६० लाखांना दिलं. मुद्रांक शुल्क ८० लाखांवरच भरावं लागतं. वर २० लाखांचा फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो, कारण तो फरक ५०,००० रुपये आणि मोबदल्याच्या १० टक्के, म्हणजे ६ लाख, या दोन्हींहून जास्त आहे. वारसांचा भांडवली नफाही ८० लाख धरूनच मोजला जातो. म्हणजे मिळालेच नाहीत अशा वीस लाखांवर त्यांना कर भरावा लागू शकतो. हे त्यांना आधी सांगितलं नसेल, तर तुम्ही त्यांना दोनदा तोट्यात घातलं.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापण्याची जबाबदारी खरेदीदाराची. मालमत्तेचा एकूण मोबदला ५० लाख किंवा जास्त असेल, तर प्रत्येक वारसाचा वाटा त्याहून कमी असला तरी १ टक्का कापावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून वाटे वेगळे मोजायची पळवाट बंद झाली. एखादा वारस अनिवासी असेल तर त्याच्या वाट्यावर बराच जास्त दर लागतो, आणि तो कापला नाही तर आयकर खातं तुमच्या मागे लागतं.

वेळेचा हिशोब धरला तर पहिल्या वाटेवर वारस नोंद, हक्कसोडपत्रं आणि सोसायटीच्या नोंदी करून घेण्यात सहजी वर्ष जातं, तेही कुणी आडवं आलं नाही तर. दुसऱ्या वाटेवर वाटणीचा दावा अनेक वर्षं चालतो. तिसरीवर कागद खरोखर पुरे असतील तर दोन-तीन महिन्यांत ताबा मिळतो. गृहकर्ज घ्यायचं असेल तर दुसरी वाट विसरून जा, अविभक्त हिश्श्यावर बँका सहसा कर्ज देत नाहीत.

पहिली वाट धरलीच, तर इसार छोटा ठेवा आणि सौदा फिसकटल्यास परत मिळेल असं लिहून घ्या. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय साठेखत नको. आणि पैसे मोठ्या भावाच्या खात्यात एकरकमी न टाकता प्रत्येक वारसाच्या खात्यात त्याच्या वाट्याइतके, वेगवेगळे, बँकेमार्फतच द्या, आणि ते आकडे खरेदीखतात नावानिशी लिहा.