खाडीकाठच्या ३३ केव्ही यार्डात सिलिकॉन कोटिंग : दोन हिवाळ्यांचा अनुभव

आमचा कारखाना रत्नागिरी बाजूला, खाडी चालत दहा मिनिटांवर, ३३ केव्हीचं (३३ हजार व्होल्टचं) विजेचं यार्ड उघड्यावर. पावसाळ्यात त्रास कमी कारण पाऊस चिनीमातीच्या इन्सुलेटरवरचं (विजेच्या तारा-उपकरणं पेलणारे, वीज न नेणारे खांब) मीठ धुऊन टाकतो, पण दिवाळीनंतर खारी हवा आणि धूळ बसत जाते आणि पहाटे दव पडलं की तो थर भिजतो, मग चर्र चर्र आवाज, निळ्या ठिणग्या, आणि एखाद दिवशी फ्लॅशओव्हर (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वीज थेट जमिनीकडे उडणं) होऊन फीडर, म्हणजे पुढे वीज नेणारी लाईन, ट्रिप. दुपारी मेगर (इन्सुलेशन किती चांगलं ते मोजायचं यंत्र) मारला की रीडिंग मस्त येतं, सुकं मीठ करंट नेत नाही ना! त्यामुळे नुसत्या रीडिंगवर विसंबू नका, पहाटे यार्डात जाऊन कान देऊन ऐका.

त्यात आमचे पोस्ट इन्सुलेटर (उभे खांबासारखे) जुने, क्रीपेज, म्हणजे पृष्ठभागावरून वरपासून खालपर्यंतचं अंतर, ९०० मिमी, म्हणजे ३३ केव्ही यंत्रणेचा कमाल दाब ३६ केव्ही धरून केव्हीमागे २५ मिमी. जास्त खारट भागात ३१ धरतात, म्हणजे १११६ मिमी पाहिजे. सगळे बदलायचं बजेट नव्हतं, म्हणून आरटीव्ही (साध्या तापमानालाच घट्ट होणारं) सिलिकॉन कोटिंग मारून घेतलं.

काम खरंच छान करतं. पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं थेंब थेंब होऊन उभं राहतं, सलग ओला पट्टा बनतच नाही आणि वर धूळ बसली तरी सिलिकॉनमधलं तेल हळूहळू त्या धुळीत चढतं आणि तीसुद्धा पाणी धरत नाही, मला हे सगळ्यात आवडलं. आधी हिवाळ्यात दर दोन महिन्यांनी शटडाऊन घेऊन पुसायचो, आता वर्षातून एकदा.

पण मारणारा माणूस चांगला पाहिजे हो. आमच्या ठेकेदाराने घाईत एका आयसोलेटरचे (लाईन तोडायचा उघडा स्विच) पोस्ट नीट सुकूच दिले नाहीत, तिथलं कोटिंग सहा महिन्यांत सालीसारखं निघालं. धुणं, पूर्ण सुकवणं, मग ३०० ते ५०० मायक्रॉनचा थर, यात तडजोड नको, जाडी समोर उभं राहून मोजून घ्या. आणि तडा गेलेला इन्सुलेटर आधी बदला, कोटिंगने तडा फक्त झाकला जातो आणि मग तो दिसतही नाही.

तपासायला फवारणीची साधी बाटली पुरते, अर्थात परमिट (कामाची लेखी परवानगी) घेऊन, ब्रेकर आणि आयसोलेटर उघडून, अर्थिंग लावूनच. पाणी पसरलं तर कोटिंग थकलंय. निघालेल्या पोस्टचं काम नोव्हेंबरमध्ये परत करून घेणार आहे, दोन दिवसांचा शटडाऊन मागितलाय, एका दिवसात ते सुकत नाहीत.