शंकरपट रिव्ह्यू: धाव आखूड केली ते लय चांगलं केलं

राजेहो, यंदा भंडारा जिल्ह्यातला आमच्या भागातला शंकरपट, म्हंजे बैलजोड्याईची शर्यत, पाहून आलो अन् लिहाचंच ठरवलं, कारण पानठेल्यावर जा नाहीतर सोसायटीत जा, एकच बोंब सुरू आहे की कमिटीने धाव आखूड करून पटाची मजा घालवली. मी म्हणतो मजा कुठंच गेली नाही, उलट पहिल्यांदा कोणीतरी जोडी थांबते कुठं याचा विचार करून पट भरवला.

ज्याईनं पाह्यला नाही त्याईच्यासाठी सांगतो. धान निघाल्यावर बांध्या सपाट करून शेजारी शेजारी दोन दानी, म्हंजे धावाच्या पट्ट्या, काढतात, दोन जोड्या एकाच वेळी सुटतात, जी आधी झेंडी पार करन ती जिंकली. आतापर्यंत काय होतं, शेवटच्या झेंडीच्या पुढे थोडीशी जागा, मग धुरा, म्हंजे शेताचा बांध, अन् धुऱ्यापलीकडे नहराची नाली. जोडीचा सगळ्यात जास्त वेग झेंडीजवळच राहते. धुरकरी, म्हंजे जोडी हाकणारा, मागे लोटून कासरा ओढते पण पेटलेला बैल लगेच थांबत नाही, मग जोडी धुऱ्यावर चढते, छकडा उलटते, नाहीतर बैल वळून सरळ लोकाईच्या अंगावर. यंदा कमिटीने झेंडीच मागं घेतली, चांगली शंभरेक पावलं, अन् उरलेल्या जागेत नांगर फिरवून माती भुसभुशीत केली, धुऱ्याले लागून तणसाचे, म्हंजे धानाच्या वाळल्या काड्याईचे, ढीग टाकले. मी मुद्दाम तिथंच उभा होतो. एक पांढरी जोडी लय जोरात आली, झेंडी गेली, नांगरलेल्या मातीत पाय घुसले तसे बैल आपोआप मंदावले, चाकं अर्धी रुतली, अन् धुरकऱ्याने कासरा सैल सोडून बैलाच्या पाठीवर हात फिरवला. तणसापर्यंत जोडी पोहोचलीच नाही. मागच्या सालापर्यंत हीच जोडी नालीत गेली असती, हे तिथं उभ्या प्रत्येकाले समजत होतं.

मले ड्रॅग रेसिंगचा लय नाद आहे, अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेस भरवणाऱ्या संस्थेच्या रेसेस मोबाईलवर पाहत राहतो, म्हणून हा मुद्दा मले लवकर पटला. तिथंही दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ पट्टी, वळण नाही काही नाही. पिढ्यानपिढ्या त्याईची धाव पाव मैल म्हंजे 1320 फूट होती, आपले 402 मीटर. 21 जून 2008 ले न्यू जर्सीत इंग्लिशटाउनले स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर क्वालिफाइंगमध्ये फनी कार (तिथल्या सगळ्यात वेगवान दोन गटांपैकी एका गटातली गाडी) चालवत होता, शेवटच्या रेषेजवळ इंजिन फुटलं, आग लागली, गाडी थांबवाचे मागचे पॅराशूट खराब झाले, गाडी ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वर होती अन् पट्टी संपल्यावरची वाळूही तिले थांबवू शकली नाही. तो गेला. टॉप फ्यूल या दुसऱ्या वेगवान गटातला दोन वेळचा चॅम्पियन माणूस. मग दोन हप्त्याच्या आत एनएचआरएने टॉप फ्यूल अन् फनी कारची धाव 1000 फूट केली, म्हंजे 305 मीटर, अन् जुलैत डेन्वरच्या रेसपासून लागूही केली. तेव्हा हा उपाय तात्पुरता म्हणून आणला होता, तो आजही तसाच आहे.

आता आपल्याकडचे जे म्हणतात की आखूड केलं तर वेग कमी होते अन् मजा जाते, त्याईनं हे ऐका. धाव कापल्यावर सुरुवातीले वेग उतरला खरा, पण आज त्याच 1000 फुटात गाड्या ताशी 530 किलोमीटरच्या वर जातात, चार सेकंद पुरे व्हायच्या आत. धाव कापून खरं काय भेटलं तर त्याच पट्टीवर थांबाले 320 फूट जास्त भेटले. अन् तेवढ्यावर ते लोक बसले नाहीत, इंधनात नायट्रोमिथेन हे जहाल रसायन 90 टक्क्याच्या वर नाही, अन् इंजिन फुटलं की आपोआप इंधन बंद होऊन पॅराशूट उघडन अशी यंत्रणा गाडीत बसवाले लावली, कारण त्या वेळी ड्रायव्हर शुद्धीवर राहीलच याचा भरवसा नाही. बैलगाडीत अशी यंत्रणा नाही, म्हणून आपल्याले तर जागा आणखीनच जास्त पायजे.

पटाचे बाकीचे नियमही यंदा बऱ्यापैकी पाळले. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या तेव्हा कित्येकाईनं पटाचे बैल पडेल भावात विकले, मग 2017 चा राज्याचा कायदा आला, 16 डिसेंबर 2021 ले कोर्टाने अटी घालून परवानगी दिली अन् 18 मे 2023 ले घटनापीठाने कायदा कायम केला. एवढं सोसून पट परत भेटला आहे, एका तुतारीच्या, म्हंजे बैलाले टोचाच्या अणकुचीदार काठीच्या, टोचणीपायी तो परत घालवाचा काय? गेटवर कार्यकर्ते छकड्याखालचं तणस उचलून पाहत होते, एकाची तुतारी तिथंच काढून घेतली. डॉक्टर प्रत्येक जोडीचे खूर, नाक पाहून मगच सोडत होते. मले हे लय आवडलं.

पण सगळंच गोड नाही. सगळ्यात मोठी चूक म्हंजे थांबाची जागा मोकळी केली अन् तिथंच पब्लिक येऊन उभी झाली. पोट्टे व्हिडिओ काढाले नांगरलेल्या मातीत पार मधात, बायका लेकरं घेऊन तणसाच्या ढिगावर बसल्या. दोरी होती पण कमरेएवढी, अन् धरून उभा राहणारा कोणी नाही. माईकवाला इनामाची रक्कम देणाऱ्याईची नावं दहादा घेते, एकदा म्हणा ना का मागं व्हा. मग एवढं करून फायदा काय? अँबुलन्स होती, पण मंडपाजवळ, पाहुण्याईच्या गाड्याईच्या मधात फसलेली. छकडा उलटन तर शेवटच्या टोकाले उलटन, मंडपात थोडी उलटते. अन् निकाल अजूनही झेंडीवाल्याच्या डोळ्यावर, त्याच्यावरून दुपारी अर्धा घंटा भांडण चाललं अन् जुंपलेल्या जोड्या उन्हात उभ्या. पश्चिम विदर्भात सेकंदावर पट होतात, सेन्सरची घडी भाड्याने भेटते, ती आणा.

खाण्यापिण्याचं ठीक, आलुबोंडा गरम होता, तर्री पोहे दुपारपर्यंत संपले. पाण्याचा टँकर बैलासाठी वेगळा ठेवला हे चांगलं. रात्रीच्या नाटकाले मी थांबलो नाही.

पाचातून साडेतीन देतो. दोरीच्या जागी लाकडी बल्ल्या ठोकून कठडा केला अन् अँबुलन्स शेवटच्या झेंडीजवळ उभी केली तर साडेचार देईन. कमिटीतल्या दोघाईले मी हे तोंडावर सांगितलं, त्याईनं ऐकूनही घेतलं. अन् जे धाव परत लांब करा म्हणून अर्ज घेऊन फिरून राहिले त्याईले एकच सांगणं आहे भाऊ, आधी नहराच्या बाजूने थांबाले जागा दाखवा, मग सही मागा. जाणार असान तर सकाळी नऊच्या आत जा, गाडी शाळेच्या बाजूले लावा, अन् लेकरं सोबत असतीन तर सुरुवातीच्या झेंडीजवळ बसा, जोड्या सुटतानाची खरी मजा तिथूनच दिसते.