कन्सोल बिघडलाच नव्हता, तरी दुरुस्तीचे पैसे घेतले

निन्टेंडो स्विच या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलवर गेम मध्येच बंद पडत असतील आणि आत जास्तीच्या साठवणुकीचं मायक्रोएसडी कार्ड असेल, तर कन्सोल दुरुस्तीला टाकण्याआधी हे वाचा. एकाच बिघाडापायी मला दोघांनी फसवलं. कार्ड विकणाऱ्याने बनावट माल दिला आणि दुरुस्ती करणाऱ्याने न केलेल्या कामाचे पैसे घेतले. माझा जास्त राग दुसऱ्यावर आहे. का, ते पुढे कळेलच.

2017 साली आलेल्या मूळ स्विचची आतली मेमरी 32 जीबीच आहे. दोन-चार मोठे गेम उतरवले की ती भरते, म्हणून मी ऑनलाइन 512 जीबीचं कार्ड मागवलं. नामवंत कंपनीचं नाव, सीलबंद पाकीट, छपाईतही खोट काढण्यासारखं काही नाही. कन्सोलमध्ये घालून फॉरमॅट केलं, सेटिंग्जमध्ये जागाही कार्डावर लिहिल्याप्रमाणेच दिसली. सुरुवातीचे गेम विनातक्रार चालले.

मग गेम पडायला लागले. त्रुटीमुळे सॉफ्टवेअर बंद झालं, एवढा संदेश यायचा आणि थेट होम मेन्यू. एक गेम दर वेळी त्याच ठिकाणी, नव्या भागात शिरताना पडायचा, दुसरा तर सुरूच व्हायचा नाही. स्विचमध्ये खराब डेटा तपासायची सोय आहे. ती वापरली की गेमचा डेटा खराब असल्याचं कळायचं, तो पुन्हा उतरवून घेतला की चालायचा, आणि दोन दिवसांत आजवर नीट चालणारा तिसराच गेम रुसायचा. एक नीट केला की दुसरा बिघडतो, हे लक्षण ध्यानात ठेवा. माझ्या मते सगळी गोम तिथेच असते.

दुरुस्तीवाल्याने कन्सोल ठेवून घेतला आणि फोन करून सांगितलं, "आतली मेमरी पूर्ण गेलीय, वाचताच येत नाही. नवीन टाकावी लागेल." ऐकायला पटण्यासारखं होतं. गेम खराब होतायत म्हणजे मेमरीच गेली असणार, असं कुणालाही वाटेल. मी होकार दिला, सांगितले तेवढे पैसे भरले. कन्सोल परत आला तेव्हा कार्ड कोरं होतं. नवी मेमरी टाकली की कार्डही फॉरमॅट करावं लागतं, असं तो म्हणाला.

गेम पुन्हा उतरवले आणि सगळं झकास चालू लागलं. काही आठवड्यांनी, पाच-सहा गेम झाल्यावर, तेच रडगाणं परत सुरू.

या वेळी कन्सोल घेऊन बसले तेव्हा प्रोफाइलवर नजर गेली. प्रत्येक गेम किती तास खेळला याची नोंद जशीच्या तशी. घरच्या वायफायचा पासवर्डही कन्सोलला पाठ. आणि प्रत्येक गेम मी सोडला होता तिथूनच सुरू होत होता. आता स्विचची एक गोष्ट पक्की आहे: सेव्ह डेटा, म्हणजे गेम कुठवर खेळून झाला याची नोंद, फक्त आतल्या मेमरीत राहतो. कार्डावर गेम, त्यांचे अपडेट, स्क्रीनशॉट जातात, सेव्ह कधीच जात नाही. क्लाउडवर प्रत ठेवायला पैसे भरून सदस्यत्व लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. मग "वाचताच न येणारी" मेमरी काढून टाकली असेल, तर हे सगळं आलं कुठून? मेमरी बदललीच नव्हती. त्याने केलं एकच, कार्ड फॉरमॅट केलं.

आणि त्यानेच कन्सोल तात्पुरता बरा झाला होता. कारण कार्ड बनावट होतं. अशा कार्डात चिप छोटी असते आणि तिच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारा आतला प्रोग्रॅम, बदलून तिला मोठा आकडा सांगायला लावलेलं असतं. कन्सोल, फोन, संगणक, सगळे त्या आकड्यावर विश्वास ठेवतात. खऱ्या जागेपर्यंत सगळं नीट लिहिलं जातं. त्यापुढचा डेटा एक तर हवेत विरतो, नाहीतर आधी लिहिलेल्यावरच चढतो. फाइलची नावं आणि आकार यादीत नीट दिसत राहतात, आत मात्र कचरा किंवा नुसती शून्यं. कोऱ्या कार्डावर पहिले काही गेम म्हणूनच उत्तम चालतात. दुरुस्तीवाला कन्सोल परत देताना चालवून दाखवतो तेव्हा तर नक्कीच चालतात.

खात्री करायला मी कार्ड संगणकाला लावलं, स्क्रीनशॉट बाजूला काढून ठेवले, कार्ड रिकामं केलं आणि एचटूटेस्टडब्ल्यू हा विंडोजवरचा मोफत प्रोग्रॅम चालवला. लिनक्स आणि मॅकसाठी एफ3 आहे. दोन्ही एकच काम करतात: कार्ड काठोकाठ भरायचं आणि लिहिलेलं सगळं परत वाचून जुळतं का पाहायचं. यात घाई चालत नाही. सेकंदाला 30 एमबीचा वेग धरला तरी 512 जीबी नुसतं लिहायलाच जवळपास पाच तास जातात, वाचणं वेगळं. माझ्या कार्डातला सुमारे 30 जीबी डेटा शाबूत निघाला. बाकी सगळा गेलेला.

विक्रेत्याकडे माल परत करायची मुदत तोवर उलटली होती, आणि हा सगळा धंदा त्या मुदतीवरच चालतो असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड भरायला लोकांना महिने लागतात, तोवर दार बंद. त्यामुळे नवीन कार्ड आलं की त्यात एकही गेम टाकण्याआधी ही पूर्ण चाचणी करा. फॉरमॅट झालं, जागा पूर्ण दिसली, दोन फाइली उघडल्या, यातल्या कशानेही कार्ड अस्सल ठरत नाही.

गेम पडायला लागलेच असतील, तर कन्सोल बंद करून आधी कार्ड काढा. पडणारा एखादा गेम आतल्या मेमरीत नव्याने उतरवून खेळा. कार्डावरून हलवू नका, नाहीतर खराब डेटाच आत येईल. सेव्ह आत असल्याने गेम उडवून पुन्हा घेतला तरी खेळ जात नाही, फक्त सेव्ह डेटा पुसण्याचा वेगळा पर्याय असतो त्याला हात लावू नका. कार्डाविना सगळं सुरळीत चाललं तर दोष कार्डाचा. कार्ड नसतानाही वेगवेगळे गेम पडत असतील, कन्सोल भट्टीसारखा तापत असेल, पंख्याची हवा बाहेर येत नसेल, तर मात्र तो उघडून बघायलाच हवा.

आणि उघडायला देताना कार्ड स्वतःजवळ ठेवा. काढलेला जुना भाग परत हवा, हे आधीच लेखी सांगा. मी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन जुनी मेमरी मागितली तेव्हा ती "टाकून दिली" होती. सेव्ह डेटा दाखवून हा कुठून आला विचारलं, तेव्हा निम्मे पैसे परत मिळाले, तेही सामोपचाराने म्हणून. चूक त्याने कबूल केलीच नाही. कार्ड विकणाऱ्याचं पान नंतर गायब झालं. तेच फोटो, तोच मजकूर दुसऱ्या नावाखाली परत विक्रीला आलाय, आणि खाली पाच ताऱ्यांचे अभिप्राय आहेत, बहुतेक माल हातात पडल्याच्या दिवशीच लिहिलेले.